आरटीएक्स २०६० बदलायचं का? एका पीसीचं प्रकरण

भाच्याचा पीसी २०२० मध्ये जुळवलेला. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि सहा जीबी मेमरीचं आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. २०२५ च्या जूनमध्ये त्याचा मेसेज आला: "मामा, सगळेच गेम अडकायला लागलेत. कार्ड म्हातारं झालं. नवीन टाकतोय. आठ जीबीचं घेऊ की सोळा?"

म्हणजे निर्णय घेऊन झाला होता, सल्ला फक्त मॉडेलपुरता हवा होता. कार्ड बदलणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. त्यामुळे आठ की सोळा हे बाजूला ठेवून मी आधी विचारलं, "सगळेच म्हणजे नेमके कोणते?" बराच वेळ टाईप करून त्याने तीन नावं पाठवली: काउंटर-स्ट्राइक २, हॉगवर्ट्स लेगसी आणि नुकताच आलेला डूम: द डार्क एजेस. काउंटर-स्ट्राइक तो रोज खेळतो, हॉगवर्ट्स अधूनमधून, आणि डूमसाठी जीव टाकतोय.

तिन्ही गेमबद्दल त्याचा शब्द एकच, "अडकतो". पण हे तीन गेम मशीनच्या तीन वेगवेगळ्या भागांवर भार टाकतात. त्यामुळे एक नियम ठरवला: प्रत्येक गेम वेगळा तपासायचा, आणि तिन्हींचा निकाल लागेपर्यंत खरेदीचं नावही काढायचं नाही. हे त्याला फारसं रुचलं नाही.

तपासणीसाठी आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर हे दोन प्रोग्राम पुरतात, दोन्ही फुकट आहेत. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार गोष्टी दिसल्या की काम भागतं: कार्डाचा वापर किती टक्के, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरली, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडवर (कामाच्या एकेका धाग्यावर) किती भार आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र काढायला लागलेल्या वेळाचा, आलेख. नुसता एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम निघतात त्याचा, आकडा फसवतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला ६.९ मिलिसेकंद मिळतात, ६० एफपीएसला १६.७. सरासरी छान असली तरी मधूनच एखादी फ्रेम पन्नास मिलिसेकंद घेऊन गेली, तर डोळ्याला तो झटका जाणवतो आणि सरासरीत मात्र त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून आलेख सपाट आहे की काटेरी, हे आधी बघायचं. सरासरीसोबत एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ फ्रेमांचा आकडा, तोही नोंदवायचा.

सुरुवात काउंटर-स्ट्राइकपासून. सेटिंग आधीच सगळ्यात खाली होती, तरी मारामारीच्या क्षणी फ्रेम ऐंशीच्या घरात घसरत होत्या. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर जेमतेम ४५ टक्के. त्यावरून भाच्याने निष्कर्ष काढला की प्रोसेसर निवांत आहे, म्हणजे कार्डच दमलंय. हा निष्कर्ष इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर आता पाठ झालंय. ३६०० मध्ये बारा थ्रेड असतात. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. बाकीचे थ्रेड अर्धेअधिक रिकामे असतात, त्यामुळे सरासरी सुखाची दिसते.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणायचं. कार्डाला काढावे लागणारे पिक्सेल निम्म्याहूनही कमी होतात. दोष कार्डाचा असेल तर फ्रेम चांगल्याच वाढायला हव्यात. भाच्याने तोच मॅप, तीच जागा, तेच धुराचे ग्रेनेड धरून दोन्ही रिझोल्यूशनवर खेळून पाहिलं. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. फक्त कार्डाचा वापर ६५ टक्क्यांवरून चाळिशीच्या आत आला. म्हणजे कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं. इथे कितीही महागडं कार्ड टाकलं असतं तरी ते आणखी आरामात वाट बघत बसलं असतं, एवढंच.

पण ३६०० कडून काउंटर-स्ट्राइकमध्ये याहून बरी अपेक्षा असते. म्हणून त्याला टास्क मॅनेजरमधला मेमरीचा वेग वाचायला सांगितला. रॅम ३२०० ची, पण चालत होती २१३३ वर. वर्षभरापूर्वी त्याने बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला होता. अपडेटनंतर सेटिंग मूळ पदावर येतात आणि रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद होतं. ते पुन्हा चालू करायचं राहून गेलं होतं. रायझेनच्या त्या पिढीत चिपच्या आतल्या भागांना जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. रॅम हळू असली की अख्खा प्रोसेसरच हळू पडतो. एक्सएमपी चालू केल्यावर सरासरी दीडशेच्या आसपास होती ती एकशे सत्तरच्या पुढे गेली, आणि एक टक्का लो ऐंशीच्या घरातून शंभरावर आला. खर्च शून्य. जुन्या मशीनवर कार्डाचा विचार सुरू झाला की हे एक पान आधी उघडून बघावं. दोन रॅम असूनही एकाच चॅनलवर चालणारे पीसीसुद्धा असेच सापडतात.

हॉगवर्ट्सचं दुखणं वेगळं. तिथे सरासरी ठीकठाक, पण किल्ल्यातून गावाकडे जाताना आलेखावर काटेच काटे. व्हीरॅम सहापैकी जवळजवळ सहा जीबी भरलेली. नुसता हा आकडा पुरावा ठरत नाही, कारण बरेच गेम मिळेल तेवढी जागा आधीच अडवून ठेवतात. खरी खूण टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर मिळते. तिथे 'शेअर्ड जीपीयू मेमरी'ची रेघ असते. त्याच्याकडे काटा आला की ती रेघही वर चढत होती. म्हणजे टेक्स्चर (भिंती, जमीन, कपडे यांवर चढवलेली चित्रं) कार्डात मावत नव्हती आणि साध्या रॅममध्ये सांडत होती.

सांडल्यावर काय होतं ते आकड्यांत पाहू. २०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३३६ जीबी डेटा हलवते. बी४५० बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० चा, सोळा लेनचा (डेटा ये-जा करण्याच्या सोळा वाटांचा). त्यातून एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी जातात. हातातली वस्तू वापरणं आणि दर वेळी माळ्यावर चढून पेटी उघडणं, असा हा फरक आहे. गेम बंद पडत नाही, फक्त माळ्यावर चढावं लागलं की ती फ्रेम लटकते.

टेक्स्चर 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणल्यावर बहुतेक काटे गेले. सरासरी मात्र जवळपास तीच राहिली, आणि हीच व्हीरॅमच्या दुखण्याची ओळख: टेक्स्चर कमी केल्याने सरासरी हलत नाही, पण झटके जातात. थोडे झटके तरीही उरले, ठरावीक दारांतून आत जाताना. ते गेमचे स्वतःचे आहेत. नवा भाग लोड होताना तो अडखळतो, आणि दणकट मशीनवरही ही तक्रार झालेली आहे. कोणतंही कार्ड घेतलं तरी ते पूर्ण जाणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवलं. नाहीतर नवं कार्ड टाकल्यावर पहिलं दार उघडताच "फुकट गेले पैसे" ऐकावं लागलं असतं.

राहिला डूम. इथे भाच्याचं खरं होतं. कार्डाचा वापर सतत ९८-९९ टक्के, प्रोसेसर मोकळा, आणि रिझोल्यूशन खाली आणताच फ्रेम लगेच वाढत होत्या. हा गेम रे ट्रेसिंगशिवाय, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याच्या पद्धतीशिवाय, चालतच नाही. प्रकाशाचा सगळा हिशेब त्याच पद्धतीने होतो आणि तो बंद करण्याची सोय नाही. त्यामुळे एरवी सेटिंग 'लो' केल्यावर जो मोठा दिलासा मिळतो, तो इथे मिळत नाही. कंपनीने सांगितलेली किमान गरज आहे आठ जीबीचं आरटीएक्स २०६० सुपर. आपल्याकडे साधं २०६०, सहा जीबीचं. टेक्स्चर पूल सगळ्यात खाली आणि डीएलएसएस (कमी पिक्सेलमध्ये चित्र काढून ते मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय) 'परफॉर्मन्स'वर ठेवून गेम चालला. पण खेळताना फ्रेम चाळिशीत, आणि गर्दीच्या लढाईत त्याहून खाली.

याच जातीचा एक गेम २०२४ च्या डिसेंबरमध्ये येऊन गेला होता: इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल. तिथेही हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचं आणि किमान कार्ड तेच २०६० सुपर. एकाच्या मागे दुसरा आला म्हटल्यावर हा अपवाद राहिलेला नाही, असं मी धरलं. जीटीएक्स मालिकेतल्या, म्हणजे रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या जुन्या कार्डांच्या लोकांसाठी हे दार बंदच झालंय. २०६० वाल्यांसाठी ते अर्धवट उघडं आहे.

म्हणजे तीन तक्रारींपैकी एक रॅमच्या सेटिंगची निघाली, दुसरी टेक्स्चरच्या हावेची आणि तिसरी खरोखर कार्डाची. जूनमध्येच कार्ड टाकलं असतं तर तिसरी गेली असती, दुसरी बरीचशी गेली असती, आणि रोज खेळायचा गेम मात्र २१३३ च्या रॅमवर तसाच अडकत राहिला असता. मग भाऊसाहेब आणखी मोठ्या कार्डाच्या मागे लागले असते.

तरी तिसरी तक्रार उरलीच. त्यासाठी लगेच घ्यायचं का? माझं मत होतं, नाही. कार्डाचं वय हे कारण मला कधीच पटत नाही. २०६० बाजारात आलं जानेवारी २०१९ मध्ये, पण वयाने जुनं कार्डही मालकाचं काम भागवत असेल तर ते जुनं नाही. ड्रायव्हरचा आधार सुटणं हे त्यापेक्षा बरं कारण. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांसाठी, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेसाठी, ऑक्टोबर २०२५ चा गेम रेडी ड्रायव्हर शेवटचा ठरवला आणि पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट ठेवले. पण २०६० ट्युरिंग पिढीतलं, ते या कात्रीत सापडत नाही. उलट डीएलएसएस ४ चं नवं मॉडेल २०२५ च्या जानेवारीत आलं, ते या कार्डालाही मिळालं. जुन्या कार्डावर त्याचा भार थोडा जास्त पडतो, पण चित्र इतकं सुधारतं की एक पायरी खालचा मोड वापरता येतो. हॉगवर्ट्समध्ये तेच केलं.

दुसरीकडे, थांबलं की स्वस्त मिळतं हाही भ्रमच आहे. २०२० च्या अखेरीपासून पुढची दीड-दोन वर्षं इथेरियमच्या मायनिंगने कार्डांचे भाव कुठल्या कुठे नेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली, तेव्हा तो पूर ओसरला. ज्यांनी "पुढच्या महिन्यात उतरेल" म्हणत वाट पाहिली, त्यांची वर्षं गेली. बाजाराचा अंदाज बांधण्यात मला तरी रस नाही, कारण तो अंदाज कुणालाच धड जमत नाही.

म्हणून तारखेऐवजी अट लिहून ठेवायची ठरली. ती भाच्यानेच लिहिली, मी फक्त सैल शब्द काढायला लावले. अट अशी: जो गेम मी सलग दोन आठवडे खेळणार आहे, तो १०८०पीवर, टेक्स्चर सोडून बाकी मीडियम सेटिंगला, डीएलएसएस 'क्वालिटी'वर पंचेचाळीसचा एक टक्का लो देत नसेल, आणि दोष कार्डाचाच आहे हे रिझोल्यूशनच्या चाचणीने ठरलं असेल, तर कार्ड घ्यायचं. 'खेळणार आहे' या शब्दांवर वाद झाला. त्याच्या लायब्ररीत न उघडलेले गेम ढिगाने पडलेत, आणि ट्रेलर बघून कार्ड घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. शेवटी ठरलं की डूम आहे त्या कार्डावर, जमेल तशा सेटिंगला, सुरू करायचा. दोन आठवड्यांनीही तोच खेळत असशील तर अट पूर्ण झाली.

खेळत राहिला. कुरकुर करत, चाळीस फ्रेमवर, पण राहिला. जुलैच्या मध्याला अट पूर्ण झाली आणि मग आठ की सोळा हा मूळ प्रश्न टेबलावर आला. आता मात्र त्याचं उत्तर देणं सोपं होतं, कारण मशीनच्या खोडी माहीत झाल्या होत्या.

पहिली गोष्ट स्लॉटची. मध्यम वर्गातली बरीच नवी कार्डं सोळा नव्हे, आठच लेन वापरतात: आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय तशीच आहेत. पीसीआयई ४ किंवा ५ च्या बोर्डावर त्याने फारसं अडत नाही. पण बी४५० वर लेनचा वेग ३.० चाच राहतो, म्हणजे आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी. व्हीरॅममध्ये सगळं मावतंय तोवर हे जाणवत नाही. सांडायला लागलं की माळ्याची शिडी निम्मी झालेली असते. म्हणजे आठ लेन, आठ जीबी आणि जुना बोर्ड हे त्रिकूट या पीसीसाठी सगळ्यात वाईट. हॉगवर्ट्सचं दुखणं नव्या कार्डाबरोबर पुन्हा विकत घेण्यासारखं. आठ जीबी तिथेच बाद झालं. सेकंडहँड आरटीएक्स ३०७० चा विचारही याच कारणाने सोडला. कार्ड जोरकस, लेन सोळा, पण मेमरी आठच, शिवाय मायनिंगमधून निवृत्त झालेलं निघण्याची धास्ती.

इंटेलचं आर्क बी५८०, बारा जीबीचं, यादीत होतं. त्याची अडचण निराळी. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त काम टाकतो, आणि ३६०० सारख्या चिपबरोबर ते कार्ड आपली पूर्ण ताकद दाखवत नाही, हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसून आलं होतं. ज्या मशीनचा प्रोसेसरच आधी धापा टाकतो, तिथे हे नको.

उरली दोन: सोळा जीबीचं ५०६० टीआय आणि एएमडीचं सोळा जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी. दोघांत मी भाच्याला ढकललं नाही, कारण इथे खरोखर दोन्ही बाजूंना वजन आहे. ५०६० टीआय घेतलं तर डीएलएसएस हातात राहतं, आणि ते बहुतेक मोठ्या गेममध्ये असतं. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत. पण डीएलएसएसच्या जागी असलेलं एएमडीचं चांगल्या दर्जाचं एफएसआर ४ चालण्यासाठी गेममध्ये त्याची किंवा निदान एफएसआर ३.१ ची सोय लागते. जुन्या गेममध्ये एफएसआर २ वर भागवावं लागतं, आणि डीएलएसएसची सवय झालेल्या डोळ्याला ते खुपतं. त्याने ९०६० एक्सटी घेतलं. एक कारण स्लॉटचं, आणि दुसरं वीजजोडणीचं: त्याची ठरलेली वीज १६० वॅट, नेमकी २०६० एवढीच. घेतलेल्या मॉडेलला एकच आठ पिनची वायर लागत होती, तीही आधीच्याच कार्डाची. एसएमपीएसला हात लावावा लागला नाही.

कार्ड बसवण्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, नवा टाकला. एकच अडथळा आला. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला मशीन यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीने, बूट व्हावं लागतं, आणि त्याची विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेली होती. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीत बदलावी लागली. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधन डेटा न पुसता ते करतं, तरी आधी बॅकअप घेतला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि ११ ला यूईएफआय लागतंच, तेव्हा हे काम आज ना उद्या करायचंच होतं.

नंतर तेच तीन गेम, त्याच जागा, पुन्हा तपासले. डूम वरच्या सेटिंगला साठच्या वर राहिला, लढाईतसुद्धा. हॉगवर्ट्समध्ये टेक्स्चर परत 'अल्ट्रा'वर गेली आणि शेअर्ड मेमरीची रेघ सपाट राहिली. दारातले झटके होते तिथेच होते. काउंटर-स्ट्राइकमध्ये सरासरी आणि एक टक्का लो, दोन्ही जवळपास जुलैतलेच. हे आधी लिहून ठेवलं होतं म्हणून कुणी दचकलं नाही.

त्याला आता १४४०पीचा मॉनिटर हवाय. १०८०पीला २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ३६.९ लाख, म्हणजे कार्डावर पावणेदोनपटीहून जास्त काम. ९०६० एक्सटी ते ओढेल, पण लिहिलेली अट १०८०पीची होती, ती नव्या मॉनिटरसाठी नव्याने लिहावी लागेल. माझ्या मते त्याआधी पाळी प्रोसेसरची आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एएम५ वर, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरच्या नव्या सॉकेटवर, जायचं तर बोर्डासोबत डीडीआर५ रॅमही नवी घ्यावी लागते, त्यामुळे तो रस्ता सध्या बंद. आहे त्या एएम४ सॉकेटमध्येच रायझेन ५ ५६०० किंवा थ्रीडी कॅशवाली (चिपवरच जादा मेमरी असलेली) एखादी चिप त्याच बोर्डावर, त्याच रॅमसह बसते. बायोस आधीच ताजा आहे. या खेपेला एक्सएमपी बंद पडलं नाही ना, ते त्याने न सांगता पाहिलं. प्रोसेसरची अट लिहून झाली आहे. तिच्यात चाचणी उलटी आहे: रिझोल्यूशन खाली आणल्यावर फ्रेम वाढल्या नाहीत आणि एक टक्का लो १२० च्या आत राहिला, तर घ्यायचा. सध्या तो आकडा १०५ च्या आसपास आहे.